सुधाकर वकील होता

पत्रक व्हॉट्सअॅपवर आलं तेव्हा मी कळवा स्टेशनच्या पुलावर होतो. युवकांसाठी स्वगत स्पर्धा, वय १६ ते २५, नाटक किमान पन्नास वर्षं जुनं हवं, वेळ पाच ते सात मिनिटं, प्रवेशमूल्य दीडशे रुपये. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : संगीत नाही, प्रकाशयोजना नाही, रंगभूषा नाही, रंगमंचावर एक खुर्ची मिळेल. ती शेवटची ओळ वाचूनच मी नाव द्यायचं ठरवलं. कॉलेजच्या एकांकिकांना मी दोन वर्षं बॅकस्टेज केलं आहे. लेव्हल उचलल्या, ब्लॅकआउटमध्ये टेबलं हलवली, विंगेत उभं राहून दुसऱ्यांची वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हटली. इथे हलवायला काहीच नव्हतं.

मित्र म्हणाले, नटसम्राट कर. शिरवाडकरांचं नाटक १९७० सालचं, म्हणजे नियमात बसत होतं, आणि आप्पासाहेब बेलवलकरांची स्वगतं मला अर्धीअधिक पाठच होती. पण डॉ. लागूंचा आवाज कानात इतका मुरला आहे की तोंड उघडलं की त्यांची नक्कलच बाहेर यायची. दोन दिवस आरशासमोर प्रयत्न केला आणि सोडून दिलं.

मग एका शनिवारी मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसलो. ठाण्यातली ही संस्था १८९३ सालची. घरात सभासदत्व बाबांच्या नावावर आहे, कार्ड मी वापरतो. देवल, खाडिलकर, गडकरी असं एकेक पुस्तक काढत गेलो. दिवाकरांच्या नाट्यछटाही वाचल्या. ब्राउनिंगच्या कवितांवरून त्यांना हा प्रकार सुचला आणि १९११ पासून त्यांनी तो मराठीत लिहायला घेतला. एकच माणूस बोलत असतो, समोरच्याचं बोलणं छापलेलंच नसतं. मध्ये नुसती टिंबं. पण पुढचं वाक्य वाचलं की त्या टिंबांच्या जागी समोरचा काय म्हणाला ते आपल्याला ऐकू येतं. मला त्या फार आवडल्या, पण ज्या मनात भरल्या त्या मोठ्यानं म्हटल्या तर तीन मिनिटांत संपत होत्या. वेळेच्या नियमात बसेनात. त्या टिंबांचा उपयोग मला पुढे झाला, म्हणून इथे सांगून ठेवतो.

शेवटी 'एकच प्याला' घरी आणलं. ठाण्यात गडकऱ्यांचं नाव रोज कानावर पडतं. तलावपाळीवरचं रंगायतन १९७८ साली उभं राहिलं तेव्हापासून 'गडकरीला भेटू' हे इथल्या माणसांचं रोजचं वाक्य आहे. पण नाटक मुळातून वाचलं नव्हतं. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला गेले, वय अवघं तेहेतीस. हे नाटक त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीनं रंगमंचावर आणलं, बालगंधर्व नायिका सिंधू आणि गणपतराव बोडस तिचा नवरा सुधाकर. गडकऱ्यांना ते बघायला मिळालं नाही. पुस्तक हातात असताना हे सारखं मनात येत होतं. माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा माणूस, आणि एवढं सगळं लिहून गेलासुद्धा.

दारूच्या आहारी गेलेला सुधाकर आपल्या मित्राला, रामलालला, दारूबद्दल सांगतो, ते लांबलचक बोलणं मी निवडलं. काटेकोर अर्थानं ते स्वगत नव्हे, कारण रामलाल समोर आहे. आयोजकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, एकट्याचं सलग बोलणं असेल तर चालेल, मजकूर गाळता येईल पण बदलता येणार नाही.

पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं तेव्हा नऊ मिनिटं झाली. त्यातली दोन मिनिटं कमी करायला मला आठ दिवस लागले. गडकऱ्यांचं वाक्य एकटं कधी येत नाही. एका उपमेच्या खांद्यावर दुसरी, दुसरीच्या खांद्यावर तिसरी, आणि सगळ्यात वर क्रियापद. मधली एक उपमा काढली की वरचं क्रियापद गडगडत खाली येतं. कुठे कापायचं ते डोळ्यांना कळत नव्हतं, जिभेला कळत होतं. कॉलेजच्या नाट्यमंडळातल्या एका सीनिअर दादानं एक गोष्ट शिकवली : पेन्सिलनं श्वास लिहून ठेव. अर्धा श्वास तिथे एक रेघ, पूर्ण श्वास तिथे दोन. पाठांतर त्या रेघांसकट करायचं, म्हणजे स्टेजवर छाती भरून आली तरी वाक्य अर्ध्यात फुटत नाही. खारेगावला आमच्या इमारतीच्या गच्चीवर रात्री साडेदहानंतर मी हे करत असे. खाली रस्ता, लांब खाडीच्या पुलावरून जाणाऱ्या गाड्या. गाडी गेली की आवाज वर काढायचा, गाडी नसली की खाली आणायचा. आवाजाची तालीम अशी फुकटात झाली.

आणि मी दारुडा बसवला. हे मन लावून केलं, म्हणून नीट सांगतो. नाक्यावरच्या गुत्त्याजवळ दोन संध्याकाळी उभा राहिलो. प्यायलेला माणूस झोकांड्या खातो हे खोटं आहे. तो सरळ चालायचा प्रयत्न करत असतो, आणि तो प्रयत्न दिसतो. पाय टाकण्याआधी तो जमिनीकडे बघतो. बोलताना शब्द अडखळतो तो शेवटच्या अक्षरावर. हे सगळं उचललं. केस विस्कटले, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात घातलं.

प्राथमिक फेरी नौपाड्यातल्या एका शाळेच्या सभागृहात होती. त्रेचाळीस जण. सकाळी नऊपासून रांग. सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात प्रत्येक जण भिंतीकडे तोंड करून आपलं आपलं पुटपुटत होता. एका टोकाला आप्पासाहेब, मध्ये औरंगजेब, पलीकडे बेणारे बाई, पुन्हा आप्पासाहेब. मी मोजले, आप्पासाहेब अकरा होते. विशी-बाविशीची मुलं, पाठीत वाकलेली. 'शांतता! कोर्ट चालू आहे' मधली बेणारे करणाऱ्या चार मुली होत्या, आणि त्यातली एक इतकी सुरेख होती की माझा नंबर जवळ आला आहे हे विसरून मी दारातून बघत राहिलो.

माझं बरं झालं. टाळ्या मिळाल्या, पहिल्या पावलालाच खसखस पिकली आणि मग सभागृह शांत झालं. अंतिम फेरीसाठी बारा जण निवडले, त्यात माझं नाव सातवं. परीक्षकांपैकी एक जण जुने दिग्दर्शक होते. निकालानंतर त्यांनी प्रत्येकाला दोन मिनिटं दिली. माझा कागद बघून म्हणाले, "दारू छान दिसली तुझी. निरीक्षण आहे. पण प्यायलेला माणूस कोण होता, ते मला नाही दिसलं." मी विचारलं, "सर, म्हणजे नेमकं काय करू?" ते म्हणाले, "ते तू शोध. तीन आठवडे आहेत." आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

मला राग आला नाही, पण जेवण गेलं नाही. अकरा आप्पासाहेबांना मी मनात नावं ठेवली होती. ते सगळे म्हातारपण करत होते, म्हातारा कोणीच करत नव्हता. मीही तेच केलं होतं.

इथे माझ्या बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा कोर्ट नाक्यावर टायपिस्ट आहेत. आधी फूटपाथवर छत्रीखाली मशीन होतं, आता एका झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटर आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, नावात बदल, वारसाचे अर्ज. बत्तीस वर्षं. नाटकाशी त्यांचा संबंध इतकाच की रंगायतनला सवलतीचं तिकीट मिळालं तर आईला घेऊन जातात. त्या रात्री मी स्वयंपाकघरात त्यांना सगळं करून दाखवलं. ते कांदा चिरत होते, सुरी बाजूला ठेवून शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाले, "वय काय याचं?"

"तरुण आहे. तिशीच्या आतबाहेर धरलंय मी."

"धंदा?"

मी हसलो नाही, कारण ते गमतीनं विचारत नव्हते. दिवसाला वीस वेळा ते हेच टाईप करतात : मी खाली सही करणार, वय अमुक, धंदा अमुक, राहणार अमुक, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की. त्याच्याशिवाय त्यांच्याकडे कुठलाही माणूस सुरूच होत नाही.

"वकील आहे बाबा. मुन्सफाशी बाचाबाची होते आणि सनद जाते त्याची. मग तो तळीराम त्याला दारूची वाट दाखवतो."

"सनद जाते?" बाबा खुर्चीवर बसले. "मग अरे, हे आधी सांगायचं ना. सनद गेलेला वकील असा नाही बोलत."

त्यांनी मला ज्या गृहस्थांची आठवण करून दिली ते मला अंधुक आठवत होते. मी तिसरी-चौथीत असताना शाळा सुटल्यावर बाबांच्या टेबलापाशी बसून गृहपाठ करायचो, तेव्हाची गोष्ट. एक वकील होते, त्यांची सनद काही कारणानं दोन वर्षांसाठी निलंबित झाली होती. कारण बाबांनी तेव्हाही सांगितलं नाही, आताही नाही. ते गृहस्थ रोज साडेदहाला कोर्ट नाक्यावर येत. काळा कोट घरी ठेवून येत, पण पांढरा शर्ट, काळी पँट, बूट पॉलिश केलेले. गळ्याला बँड नाही. आत जायचं नाही. चहाच्या टपरीपाशी उभं राहायचं, आणि दुपारी बाबांकडे येऊन आपल्या प्रकरणाबद्दलचं एखादं पत्र सांगायचं. ते बसून सांगत नसत. उभे राहत. डावा हात छातीशी, जणू कोटाची कड धरली आहे. कोट नसायचा, हात तिथेच असायचा. उजव्या हाताचं एक बोट वर : "मुद्दा क्रमांक एक." बाबा टाईप करत. दुसरं बोट : "मुद्दा क्रमांक दोन." आवाज चढत नसे. जो मुद्दा त्यांच्या विरुद्ध जाणारा असेल तोही तितक्याच स्वच्छपणे मांडत, आणि मग त्याचं उत्तर देत. बाबा म्हणाले, "एक दिवस उत्तर नव्हतं. बोट वर केलं, मुद्दा सांगितला, आणि तसेच उभे राहिले. मी मशीनवर हात ठेवून वाट बघत होतो. मग म्हणाले, 'एवढंच असू दे.' त्यांच्याकडून मी कधी पैसे घेतले नाहीत."

मी उठून संहिता आणली. रात्री एक वाजेपर्यंत आम्ही दोघं ती वाचत होतो. बाबा ती त्यांच्या पद्धतीनं वाचत होते, अर्ज वाचावा तशी. "हा बघ, हा मुद्दा. याच्या पुढे याचं कारण. समोरचा म्हणेल की मग वेळीच सोडायची होती, म्हणून हे त्याचं उत्तर. आता पुढची पायरी." आणि खरंच तसं होतं. महिनाभर मी तेच शब्द तोंडात घोळवत होतो आणि मला दिसलं नव्हतं. सुधाकरची भाषा तिथे अडखळत नाही. वाक्यं पूर्ण आहेत, क्रमानं येतात, एक कडी दुसरीत अडकलेली आहे. दारू सुटणं का अशक्य आहे याचा तो युक्तिवाद करतो आहे, टप्प्याटप्प्यानं, पुराव्यासकट. कोर्टानं दार बंद केलं म्हणून त्यानं आपलं शेवटचं प्रकरण मित्रापुढे चालवायला घेतलं आहे, आणि आरोपीही तोच आहे. तो हे प्रकरण जिंकतो. रामलालकडे उत्तर उरत नाही. माझ्या अंगावर काटा आला तो इथे. त्या बोलण्यातलं दुःख रडण्यात नाही, ते त्याच्या हुशारीत आहे. एवढी बुद्धी असलेला माणूस ती सगळी स्वतःच्या विरुद्ध पणाला लावतो, आणि ती त्याला पुरून उरते.

माझ्या मते या भूमिकेत लोक पुन्हा पुन्हा इथेच फसतात. दारू करायला सोपी आहे, टाळी लगेच मिळते. पण सुधाकर आधी वकील आहे. नाटकाच्या सुरुवातीला तो मानी, तल्लख, यशाच्या वाटेवरचा माणूस आहे, आणि गडकऱ्यांनी त्याची सनद काढून घेऊन मगच त्याच्या हातात प्याला दिला आहे. हा क्रम त्यांनी उगाच लावलेला नाही.

पुढचे तीन आठवडे मी काढून टाकण्यातच घालवले. झोकांडी काढली. जड जीभ काढली. केस विंचरले, बटण नीट लावलं. फक्त एक ठेवलं : पाऊल टाकण्याआधी जमिनीकडे बघणं, तेही एकदाच. बोटं मोजणं घेतलं, पण सुरुवातीला ते फार ठळक व्हायचं, शाळेतल्या भाषणासारखं. बाबा म्हणाले, ते गृहस्थ बोट दाखवत नसत, बोट त्यांचं त्यांना लागायचं. मग मी हात कमरेखाली आणला. रामलालला रिकाम्या खुर्चीत बसवलं. दिवाकरांची टिंबं आठवून संहितेत जिथे जिथे रामलाल मनात काही म्हणेल तिथे समासात त्याचं वाक्य लिहिलं, साध्या आजच्या मराठीत. "अरे पण सिंधूचा तरी विचार कर." "एकदा प्रयत्न करून तर बघ." ती वाक्यं मी मनात ऐकायचो आणि मगच पुढचं बोलायचो. बोलण्याची गती आपोआप बदलली. आधी मी गडकऱ्यांची वाक्यं म्हणत होतो, आता मी कोणाला तरी उत्तर देत होतो.

अंतिम फेरी त्याच सभागृहात, रविवारी संध्याकाळी. या वेळी प्रेक्षक होते, दीडशे तरी असतील. आई-बाबा शेवटच्या रांगेत. आयोजकांनी नटराजाच्या मूर्तीपुढे नारळ वाढवला, आम्ही बाराही जण पाया पडलो. माझ्या आधी एका मुलीनं सिंधू केली, 'एकच प्याला'चीच. ती बदलापूरहून आली होती. ती जमिनीवर बसली, एक पाय लांब केला आणि नसलेलं जातं ओढायला लागली. बोलणं सुरू होतं, हात फिरत होता. घास घालायला हात थांबायचा तेव्हा वाक्य थांबायचं. एका जागी ती रडवेली झाली आणि हात आणखी जोरात फिरला. नवऱ्यानं घर बुडवल्यावर दुसऱ्यांची दळणं दळून पोट भरणारी बाई, पीठ सांडू नये म्हणून डोळे पुसत नाही. मी विंगेत उभा होतो आणि मला वाटलं, आता मी बाहेर जाऊन काय बोलणार. मग लगेच वाटलं, ही सिंधू आहे आणि हिला या दशेला आणणारा मी आहे. ते घेऊनच मी आत गेलो.

स्टेजवरचं सगळं मला आठवत नाही. खुर्ची आठवते. तिच्या पाठीवर शाळेचं नाव पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं, ते पहिली दोन वाक्यं दिसत होतं, मग दिसेनासं झालं. हसू आलं नाही कोणाला. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा. बोट माझं मला लागलं. शेवटच्या टप्प्याच्या आधी मी एक पॉज ठेवला होता. तिथे रामलालकडे उत्तर नसतं. मी थांबलो, त्याच्याकडे बघितलं, आणि नेमकी तेव्हाच पाच मिनिटांची घंटा वाजली.

सरावात ही घंटा मी कधी धरली नव्हती. माझी मान आवाजाच्या दिशेनं वळली. परीक्षकांच्या टेबलाकडे. त्या क्षणी मला टेबलापलीकडे बसलेली तीन माणसं दिसली, समोर कागद, हातात पेन, आणि माझा डावा हात छातीपाशी गेला, जिथे कोटाची कड असती. तो तिथे काही न मिळून परत खाली आला. मग मी खुर्चीकडे वळलो आणि उरलेलं दीड मिनिट अगदी खालच्या आवाजात बोललो. शेवटच्या रांगेत ऐकू गेलं का, असं नंतर बाबांना विचारलं. ते म्हणाले, गेलं.

पहिलं बक्षीस सिंधूला मिळालं, आणि ते तिचंच होतं. मला दुसरं. बेणारे करणाऱ्या त्या मुलीला तिसरं मिळालं, मला वाटतं तिला आणि मला उलट चाललं असतं. दिग्दर्शक सरांनी जाताना थांबवलं. "घंटेला वळलास, ते ठरवलेलं होतं?"

"नाही सर."

"हं. तो हात?"

मी त्यांना कोर्ट नाक्यावरच्या गृहस्थांबद्दल सांगितलं. ते ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मिळाली का सनद परत?" मला माहीत नव्हतं. बाबा मागेच उभे होते. ते म्हणाले, "मिळाली. दोन वर्षांनी. कोट घालून पेढे घेऊन आले होते."

सिंधू करणाऱ्या मुलीनं माझी संहिता मागितली. तिच्या धाकट्या भावाला पुढच्या वर्षी सुधाकर करायचा आहे. माझी प्रत दाखवायच्या लायकीची राहिली नव्हती : खोडलेल्या ओळी, बाणांच्या खुणा, समासात रामलालची वाक्यं, पेन्सिलच्या रेघा पुसट झालेल्या. मी म्हटलं, टाईप करून पाठवतो. सोमवारी संध्याकाळी बाबांच्या दुकानात गेलो. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी ती चुरगळलेली पानं स्टँडला लावली, चष्मा पुसला आणि टाईप करायला सुरुवात केली. पहिल्या ओळीतच हात थांबला.

"या रेघा?"

"श्वास आहेत ते."

त्यांनी कागद जरा जवळ घेऊन बघितला. "एक कुठे, दोन कुठे, नीट सांग," ते म्हणाले, "त्यापण घेतो." मी त्यांच्या मागे उभा राहिलो आणि पहिल्या वाक्यापासून मोठ्यानं वाचायला लागलो.